चिंध्यांचे बस्कर : हाताचे हुन्नर आणि शाळेचा हिशेब

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून चिंध्यांवर व्याख्यान व्हावे याचे काहींना नवल वाटेल. शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा, संगणक हे विषय सोडून बस्कर कसे विणावे हे कशाला सांगता, असेही कोणी विचारील. पण विषय मुद्दामच घरगुती घेतला आहे. तुमच्या घरी पेटीत किंवा माळ्यावर जुन्या कपड्यांचे एखादे गाठोडे असेलच. विरलेली साडी, फाटलेली चादर, मुलांना आखूड झालेले सदरे, दर्जीच्या दुकानातून आणलेली कतरण, असे काहीबाही त्यात असते. फेकवत नाही आणि वापरवतही नाही. त्या गाठोड्यातून क्रोशाच्या सुईने बस्कर कसे होते, हे मी आधी सांगणार आहे. त्यात गणित किती भरले आहे, हे त्यानंतर. शेवटी या कामाची मर्यादा कोठे आहे, हे पालकांना सांगावयाचे आहे. तो भाग थोडा कडू आहे, पण तो सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

जुन्या कापडाला नवा जन्म देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. महाराष्ट्रात गोधडी आहे, वाकळ आहे. सिंध आणि कच्छमध्ये रल्ली आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज असून त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती आणि हिंदू असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. कडेपासून सुरुवात करून त्या आत आत शिवत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाचे लहान फूल लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. काम गरिबीतले असले तरी ते नीटनेटके आणि पूर्ण झाले पाहिजे, ही त्यामागची जिद्द आहे.

क्रोशाही आपल्या घरांना परका नाही. पांढरी जाळीची टोपी, ओढणीची किनार, ताटावर झाकायचा रुमाल हे सारे क्रोशाचेच काम. ज्या आपा, खाला बारीक दोऱ्याने टोपी विणतात, त्यांना चिंध्यांचे बस्कर विणणे एका दुपारी जमेल. टाका तोच असतो. फक्त दोऱ्याच्या जागी कापडाची पट्टी आणि बारीक सुईच्या जागी जाड सुई येते.

कृती

सुई नऊ ते दहा मिलिमीटर जाडीची हवी. बाजारात मिळते, न मिळाल्यास सुतार लाकडाची करून देऊ शकतो. बांबूचीही होते. तिचा आकडा मात्र पॉलिश पेपरने चांगला गुळगुळीत करावा, नाहीतर प्रत्येक टाक्याला कापड अडकते.

कापड निवडताना सुती घ्यावे. ते मऊ असते, पाणी शोषते आणि सरळ फाटते. पॉलिस्टरच्या साड्या रंगाने सुंदर दिसतात, पण त्या पाणी शोषत नाहीत आणि विस्तवाजवळ वितळून अंगाला चिकटतात. त्यांचे बस्कर स्वयंपाकघरात टाकू नये. कापड आधी धुऊन घ्यावे. रंग जाणारे असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळे धुवावे, म्हणजे पुढे पांढऱ्या पट्टीवर लाल डाग पडणार नाहीत.

साडीच्या काठाला कात्रीने चीर देऊन दोन्ही हातांनी ओढले की पट्टी सरळ निघते. पातळ साडीची पट्टी चार सेंटिमीटर रुंद, जाड चादरीची दोन ते अडीच सेंटिमीटर. खरी कसोटी रुंदीची नसून जाडीची आहे. पट्टी पिळून चिमटीत धरली असता सगळ्या पट्ट्या पेन्सिलीइतक्या जाड लागल्या पाहिजेत. जुने बनियन किंवा टी-शर्ट असेल तर ते फाडू नये. खालच्या कडेपासून गोल गोल कापीत वर जावे, म्हणजे एकच लांब पट्टी मिळते.

पट्ट्या जोडण्यास सुई-दोरा लागत नाही. दोन्ही पट्ट्यांच्या टोकाशी एक सेंटिमीटर सोडून काजासारखी छोटी चीर द्यावी. जुन्या पट्टीचे टोक नव्या पट्टीच्या चिरेतून काढावे. मग नव्या पट्टीचे दुसरे, मोकळे टोक जुन्या पट्टीच्या चिरेतून ओढून घ्यावे. हलक्या हाताने ओढले की जोड बसतो. दर्जीकडील तुकडेही असेच जोडता येतात. मात्र हातभरापेक्षा लहान तुकडे घेऊ नयेत, नाहीतर बस्करात गाठीच गाठी होतात. जोडलेल्या पट्टीचा सुतासारखा गुंडा करून ठेवावा.

आता विणणे. सरकफास करून दोन साखळ्या घालाव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब विणावेत. ज्यांना हा टाका माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: सुई टाक्यात घालून पट्टीचा एक फास बाहेर ओढावा, म्हणजे सुईवर दोन फास होतात, पुन्हा पट्टी आकड्यावर घेऊन दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढावी. हाच मुका खांब. सगळे बस्कर या एकाच टाक्याने होते. पहिल्या फेरीत सहा टाके झाले. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन विणावेत, म्हणजे बारा होतील. तिसऱ्या फेरीत एक सोडून एकात दोन, म्हणजे अठरा. चौथ्या फेरीत दोन साधे आणि तिसऱ्यात दोन, म्हणजे चोवीस. अशा रीतीने दर फेरीला सहा टाके वाढवीत जावे. फेरी कोठे सुरू झाली ते विसरू नये म्हणून पहिल्या टाक्यात रंगीत दोरा अडकवून ठेवावा. हात फार आवळू नये. कापडाला दोऱ्यासारखा ताण सोसत नाही आणि मनगट दुखते.

पाच-सहा फेऱ्या झाल्या की काम जमिनीवर सपाट ठेवून पाहावे. कडा वर उचलल्या असतील आणि बस्कराची वाटी होत असेल तर टाके कमी पडले. कडेला झालरीसारख्या लाटा आल्या असतील तर टाके जास्त झाले. दोन्ही वेळी तेवढ्या फेऱ्या उसवून पुन्हा विणाव्यात. उसवण्यात कापड वाया जात नाही, हा क्रोशाचा मोठा गुण आहे.

पुरे झालेले बस्कर गुळगुळीत लादीवर घसरते. घरात म्हातारी माणसे असतील तर त्याखाली रबराची जाळी घालावी. धुतल्यावर ते फार जड होते. दोरीवर टांगले तर लोंबून आकार बिघडतो. म्हणून सपाट पसरून उन्हात वाळवावे.

सहाच टाके का?

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. दर फेरीला सहाच टाके का वाढवायचे? पाच का नाहीत, दहा का नाहीत? विणणाऱ्या बाईला विचाराल तर ती म्हणेल, असेच करतात. ती बरोबर करते, पण कारण तुमच्या गणिताच्या पुस्तकात आहे. वर्तुळाचा परीघ म्हणजे दोन गुणिले पाय गुणिले त्रिज्या. एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते. म्हणून परीघ त्या उंचीच्या ६.२८ पट वाढतो. मुका खांब जवळजवळ चौरस असतो, जेवढा उंच तेवढाच रुंद. तेव्हा नव्या परिघात सव्वासहा टाक्यांची जागा जास्त होते. सव्वासहा टाके विणता येत नाहीत, म्हणून सहा विणतात आणि उरलेली कसर कापड ताणून भरून काढते. तुम्ही मुक्या खांबाऐवजी दुप्पट उंचीचा पूर्ण खांब वापरलात, तर दर फेरीला बारा टाके वाढवावे लागतील. करून पाहा. सूत्र पाठ करणारा परीक्षेनंतर विसरतो. ज्याच्या बस्कराची एकदा वाटी झाली तो सहसा विसरत नाही.

आणखी एक गंमत. वाढीचे सहा टाके दर फेरीत एकावर एक त्याच जागी घेतले तर बस्कर गोल न होता षटकोनी होते. गोल हवे असेल तर वाढीची जागा दर फेरीत पुढे-मागे करावी लागते. भूमिती कागदावर काढण्यापूर्वी हाताने करून पाहण्याची ही सोपी संधी आहे.

आता हिशेब करू. एका फेरीची उंची दीड सेंटिमीटर धरा. पंचवीस फेऱ्यांनी त्रिज्या साडेसदतीस आणि व्यास ७५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अडीच फूट होतो. एकूण टाके किती? सहा गुणिले एकपासून पंचवीसपर्यंतच्या संख्यांची बेरीज. ती बेरीज ३२५. म्हणून १,९५० टाके. वीस टाके विणून उसवा आणि त्यांना किती पट्टी लागली ते मोजा. समजा १८० सेंटिमीटर लागली, तर एका टाक्याला नऊ सेंटिमीटर, आणि साऱ्या बस्कराला साधारण १७५ मीटर. साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या साडीतून चार सेंटिमीटरच्या सत्तावीस पट्ट्या निघतात, म्हणजे सुमारे १४८ मीटर. तेव्हा एका साडीत हे बस्कर होणार नाही. सव्वा साडी लागेल. काम अर्ध्यावर अडण्याआधीच हे कळले, हा हिशेबाचा फायदा.

लांबट बस्कर हवे असेल तर लांबीतून रुंदी वजा करा. तेवढ्या लांबीची साखळी घालून तिच्या दोन्ही बाजूंनी विणा. नव्वद बाय साठचे हवे असेल तर साखळी तीस सेंटिमीटरची. असे का, ते घरी जाऊन कागदावर आकृती काढून तुमचे तुम्ही शोधा.

डॉ. झाकिर हुसेन यांचा विचार

हाताच्या कामातून शिक्षण द्यावे, ही कल्पना आपल्या राज्याच्या भूमीवर देशापुढे आली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तेथे ठरलेल्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. त्या वेळी ते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख होते. पुढे १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. सूतकताई, विणकाम, शेती, सुतारकाम अशा एखाद्या उद्योगाभोवती गणित, भाषा, समाजशास्त्र यांचे शिक्षण गुंफावे, असे त्या योजनेचे सूत्र होते.

झाकिरसाहेबांच्या विचारातील एक गोष्ट आपण सहसा विसरतो. हाताने केलेले प्रत्येक काम शिक्षण असते असे ते मानीत नसत. काय करावयाचे आहे हे स्पष्ट असावे, त्याचा आराखडा करावा, मग कृती करावी आणि शेवटी आपले काम आपणच तपासावे. या पायऱ्या असतील तरच काम माणसाला घडविते. नुसती मजुरी घडवीत नाही. बस्कराच्या बाबतीत पाहा. मुलीने स्वतः व्यास ठरविला, पट्टीचा हिशेब केला, विणले, जमिनीवर ठेवून तपासले, चुकले ते उसविले, तर ती शिकली. पण तिच्यापुढे गुंडे टाकून रोज इतके नग पुरे कर म्हटले, तर पहिल्या आठवड्यानंतर ती काही शिकत नाही. फक्त तिची बोटे चालतात.

पालकांसाठी

भगिनींनो, क्रोशाने लोकांना संकटात हात दिला आहे, हे खरे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तेथील मठांतून बायका-मुलींना क्रोशाची लेस विणण्यास शिकविले गेले आणि त्या विक्रीवर पुष्कळ कुटुंबे तगली. आपल्याकडे आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हीच कला आणली. तेथे ती वाढली आणि विणलेला माल परदेशी जाऊ लागला. या स्त्रियांचा अभ्यास मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी केला, आणि त्यावरील त्यांचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांना काय दिसले? हजारो बायका दिवसाचे कित्येक तास विणीत होत्या, पण त्यांना कोणी कामगार म्हणत नव्हते. त्या घरात बसलेल्या गृहिणी, आणि विणणे हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, असे सारे धरून चालत. त्यामुळे मजुरी नाममात्र राहिली आणि व्यापाराचा नफा दुसऱ्यांकडे गेला.

हे नरसापूरपुरते आहे असे समजू नका. आपल्या मोहल्ल्यांतून घरोघरी नगावर कामे येतात. कोठे जरीकाम, कोठे काज-बटन, कोठे मणी ओवणे. काम इमानाचे आहे आणि घरखर्चाला हातभार लागतो. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण वहीत हिशेब मांडा. समजा एका बस्कराला फाडणे, जोडणे, विणणे मिळून दहा तास लागले आणि व्यापाऱ्याने १५० रुपये दिले. तासाला पंधरा रुपये झाले. दिवसभर वाकून विणले तर पाठीचे आणि डोळ्यांचे काय होते, ते त्या पंधरा रुपयांत धरलेले नाही. घरी बसून काम करणारी व्यक्तीही कामगारच आहे, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली कराराद्वारे मान्य केले. आपण आपल्या घरात तरी ते मान्य करू या.

आता कडू बोलतो. मुलगी हुशार आहे, बोटे चपळ आहेत, आठवी झाली आहे, आता घरीच बसून चार पैसे मिळवील, असा विचार अनेक घरांत होतो. कोणी मोठ्याने बोलत नाही. आधी आईला बरे नाही म्हणून दोन दिवस शाळा चुकते, मग मोठी मागणी आली म्हणून आठवडा, मग परीक्षेचा अर्ज भरावयाचा राहून जातो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. पुढची जबाबदारी आपल्यावर येते, आणि नेमक्या त्याच वळणावर मुली गळतात. नववीच्या वर्षात विणलेली बस्करे तीन-चार वर्षांत झिजून जातील. त्या वर्षात चुकलेली शाळा मात्र तिला जन्मभर पुरेल.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, विणकाम शाळेनंतर आणि अभ्यासानंतर. दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, आणि परीक्षेच्या महिन्यात मुळीच नको. दुसरी, मुलांनाही शिकवा. मालेगाव आणि भिवंडीत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी माग चालविले आहेत. तेव्हा सुई हातात धरल्याने मुलग्याला कमीपणा येतो असे म्हणण्यात अर्थ नाही. तिसरी, हिशेबाची वही मुलीच्या हाती द्या. कापड किती, तास किती, पैसे किती, हे तिनेच लिहावे. चौथी, तिच्या कामाचे पैसे तिच्या नावावर ठेवा. दहा वर्षांवरील मुलामुलींना पोस्टाचे बचत खाते स्वतः चालविता येते. त्या पैशातून पुढच्या वर्षाची पुस्तके आली, तर ते बस्कर सार्थकी लागले.

आणि पहिले बस्कर विकू नका. ते घरात अंथरा. मुलगी अभ्यासाला बसते तेथे फरशी थंड असेल तर तिच्याखाली घाला. आईची जुनी साडी आणि वडिलांचा जुना सदरा एका ठिकाणी विणलेला आहे, त्यावर बसून ती वाचते आहे, हे रोज पाहिलेत तर तिला उठवून दुसऱ्या कामाला लावण्याआधी तुमची जीभ अडखळेल.

विद्यार्थी मित्रांनो, पुढील मेळाव्याला येताना तुमचे बस्कर आणि हिशेबाची वही दोन्ही आणा. मी आधी वही पाहीन.